फोल्केनं दिलेला हात

फोल्के उकेनाच्या फाटकावर लोखंडी अक्षरांत एकच नाव होतं, उकेना. नवऱ्याच्या आजोबांनी ते लावलं होतं, आणि समुद्राच्या बांधाआडच्या त्या ओल्या मुलखात तेवढं नाव पुरत असे. नवरा गेला तरी बाईनं गोठा बंद केला नाही. उलट रासायनिक खत बंद केलं, कुरणं मोकळी सोडली, गाई कमी केल्या. गावानं नाकं मुरडली. दूध चांगलं निघायला लागलं तशी तीच नाकं तिच्या दारात रांग लावून उभी राहिली. फोल्के कुणालाच काही बोलली नाही. बोलायचं असलं तरी चहाच्या तिसऱ्या कपाआधी बोलायचं नाही, अशी तिथली रीतच आहे. तीन कप घ्यायचे, वरची मलई ढवळायची नाही आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. चमचा ठेवला की विषय संपला.

ढोपरं कुरकुरू लागली तेव्हा तिनं बहिणीच्या मुलाला, आइलर्टला, बोलावून घेतलं. तो बायकोला, टेडाला, घेऊन आला. टेडा डोक्यानं तल्लख, आणि लेअर गावात आईनं ठेवलेलं एक छोटं घर तिच्या नावावर होतं. दोघांना मावशीच्या गोठ्यालगतच दूध-चीजचं दुकान काढायचं होतं. पण धंदा कायद्यानं कोणत्या रूपात उभा करायचा, यावर घोडं अडलं.

"मावशी, मर्यादित जबाबदारीची कंपनी करू," टेडा म्हणाली. "उद्या काही झालं तर धंदा बुडेल, घरं वाचतील."

"म्हणजे गाय माझी, आणि लाथ बसली तर मी ओळखत नाही?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे, पोरी. ज्यानं विकलं त्यानं घरादारासकट उभं राहावं. कागदामागं लपायचं असेल तर शहरात जा, तिथं जागा पुष्कळ."

आइलर्ट खाली मान घालून हसला. मावशीपुढं त्याचं कधी चाललं नव्हतं. मग सहकारी संस्थेची गोष्ट निघाली. "दहा जणांना विचारून गाय पिळू का?" म्हणून फोल्केनं तीही उडवली.

राहिली ती तिच्या ओळखीची रीत. शेजारचा विआर्ट, तिचा शाळेपासूनचा सोबती, साक्षीला मुद्दाम बोलावला गेला. गोठ्याच्या अर्ध्या दारावर फोल्के, आइलर्ट आणि टेडा, तिघांनी एकमेकांचे हात धरले आणि विआर्टनं वरून तळहाताचा फटका मारून ते सोडवले. झाली भागीदारी, आणि दुकान सुरू झालं. त्या देशात असा हात कोर्टातही चालतो, आणि एकानं केलेलं तिघांच्या अंगावर येतं. टेडानं हात दिला खरा, पण तो गार पडला होता. फोल्केला ते जाणवलं. तिनं मनात आणलं नाही.

टेडा मात्र कंपनीचा पिच्छा सोडेना. शेवटी डिसेंबरात म्हातारीचा सूर जरा नरमला. "बरं, जाऊ कंपनी नोंदवायला तुझ्या नोटरीकडे. पण तीन राजांचा सण होऊन जाऊ दे." नाताळ ते सहा जानेवारीचा तो सण या दिवसांत तिकडे नवं काम काढत नाहीत, कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत, दोरीवर चादर दिसली तर घरातलं कुणी जातं म्हणतात. टेडानं हट्टानं चादर घातली. फोल्केनं ती ओलीच ओढून काढली आणि दिवसभर तिच्याशी बोलली नाही. धुकं इतकं दाटलं होतं की गोठ्यातून फाटक दिसत नव्हतं. गाई उगाच हंबरत होत्या.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेजारीपाजारी दुकानातून मलई न्यायला आले. नव्या वर्षाला कुरकुरीत सुरळ्या करून त्यात फेटलेली मलई भरतात.

"मावशी, कच्ची नको, तापवून देऊया," टेडा म्हणाली. "चहाचं वेगळं, पण सुरळ्या लहान पोरं खातात."

"तापवलेली मलई काय फेटायची, कपाळ? चाळीस वर्षं देतेय. मेलं कोण?"

बोलून गेली, आणि स्वतःलाच कसंसं झालं.

त्या सुरळ्या खाल्लेली विआर्टची नात रीके आठवड्याभरात दवाखान्यात गेली. आधी पोट, मग मूत्रपिंडं. पोरीला रक्त गाळायच्या यंत्रावर ठेवलं. मलई तपासायला नेली, तिच्यात जंतू निघाले आणि दुकानाला टाळं लागलं. फोल्के रोज फाटकापर्यंत जाई नि परत येई. विआर्टच्या दारात जायची तिला भीती वाटत होती. उभ्या जन्मात तिला कुणाच्या दाराची भीती वाटली नव्हती.

शेवटी तोच आला. टोपी न काढता टेबलाशी बसला. फोल्केनं कप मांडला, खडीसाखर टाकली. किटली उचलायच्या आत विआर्टनं चमचा रिकाम्या कपात ठेवला.

किटली तिच्या हातात तशीच राहिली.

"रीके?" तिनं विचारलं.

"जगेल म्हणतात. यंत्र सुटणार नाही." त्यानं कप बाजूला सारला. "मुलानं वकील केलाय. दावा कुणावर, म्हणून विचारत होता."

"माझ्यावर. फाटकावर नाव कुणाचं आहे? घर घ्या, जमीन घ्या. मी उभी आहे."

"ते ठाऊक आहे मला."

दारात टेडा येऊन उभी राहिली होती. तोंड पांढरंफटक. लेअरचं ते घर, आईनं पै पै करून ठेवलेलं, तेही आता याच तराजूत होतं. पोरीनं कंपनीचंही सांगितलं होतं, मलईचंही, आणि दोन्ही वेळा आपण उडवून लावलं. मग आयुष्यात जे केलं नव्हतं ते फोल्केनं केलं.

"विआर्ट, ही दोघं यात नव्हती रे. मदतीला होती नुसती. धंदा माझ्या एकटीचा."

विआर्टनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही; राग असता तर तिला सोसलं असतं.

"फोल्के," तो म्हणाला, "हात मीच सोडवले होते ना? तीन होते."