इंजिनापुढचा सडा

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, पण नळाला पाणी काही आलं नाही. पाऊस रुसलेलाच होता. उदगीरहून नवी सून म्हणून आलेली मी टँकरमागे घागर घेऊन पळायची, आणि माझे यजमान घराला लागून असलेल्या गॅरेजात शर्यतीच्या मोटारसायकलीचं इंजिन बांधत बसायचे. राग माझ्या नाकावर जन्मापासूनच आहे. त्या दिवसांत तो उतरायचाच नाही.

त्यांची एक रीत होती. इंजिन जुळवण्याआधी फरशीवर पाण्याचा सडा मारायचा, धूळ बसू द्यायची, मग दार लावून घ्यायचं. त्या उन्हाळ्यातही त्यांनी पाणी मागितलं.

"मानसाला प्यायला न्हाई, आन् तुमच्या इंजनाला सडा?" मी फटकारलं.

ते चिडले नाहीत. हातातला पिस्टन पुढे धरून म्हणाले, "ह्याच्यात अन् सिलिंडरात केसाएवढी फट हाय. हेड घासून दाब वाढवलाय, धुराच्या वाटा रुंद केल्यात. इंजन लई तापनार. धुळीचा कण आत गेला की पिस्टन जाम, मागचं चाक जाम. मागच्या बारीला तेच झालं."

ते माझ्या लग्नाआधीचं. औशाच्या रस्त्यावर गाडी पळवून बघताना माझा धाकटा दीर फेकला गेला, त्याचा गुडघा फुटला. ते इंजिन घाईत, सडा न मारता जुळवलेलं होतं. तेव्हापासून सासूबाई थोरल्या लेकाशी बोलत नव्हत्या. आता नांदेडच्या शर्यतीत गाडी पुन्हा तोच दीर चालवणार होता. त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

घरात एकच कळशी भरलेली होती, सासूबाईंच्या लिंगपूजेची. तिला कुणी हात लावत नसे. त्या उठल्या, कळशी घेऊन गॅरेजात गेल्या आणि वाकून कोपऱ्याकोपऱ्यात सडा मारू लागल्या.

"माय, पूजेचं पानी हाय ते," यजमान म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्याला सांग, रिंगा नीट बसव."

मग त्या बंद दाराबाहेर बसून राहिल्या. आत यजमानांनी एकेक भाग पेट्रोलमध्ये धुतला, तेल लावलं, बोटांनी पिस्टनच्या रिंगा दाबत सिलिंडर हळूहळू खाली उतरवलं. इंजिन पुरतं जुळून झाकलं जाईपर्यंत सासूबाईंनी मलाही आत जाऊ दिलं नाही. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली, आणि मायाही.

शर्यतीच्या दिवशी घरात चूल पेटली ती संध्याकाळीच, दोघे भाऊ दारात आल्यावर. कितवा आलास, हे सासूबाईंनी विचारलं नाही. धाकट्याच्या दोन्ही गुडघ्यांवरून त्यांनी हात फिरवला. थोरला उंबऱ्याबाहेरच उभा होता.

घरात तांब्याभर पाणी होतं. तो तांब्या घेऊन त्या त्याच्यापुढे गेल्या.

"हात पुढं कर," त्या त्याला म्हणाल्या, आणि तेलानं काळ्या झालेल्या त्याच्या हातांवर पाणी घालू लागल्या.