बादलीभर केंदाळ

इंदुबाईच्या तळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आपणहून आलं नव्हतं. तिच्या थोरल्या दिराने, हिरामणने, ते रोह्याच्या नदीतून उपसून बादलीत घालून रेल्वेने जिते गावी आणलं होतं. नवऱ्यामागे बाई एकटीने मासे वाढवते, हे त्याला बघवलं नाही. शेजारच्या पुतळीने त्याला बादली ओतताना पाहिलं, पण चारचौघांत तो म्हणाला, "मी? पुराच्या पाण्यानं आलं असंल."

दोन वर्षांत तळं हिरवंगार शेत झालं. मासे उताणे तरंगले.

"बादली त्याच्याच तोंडून काढीन, तर नावाची इंदू!" म्हणत ती कंबरभर पाण्यात उतरली.

देठ उपसले, बांधावर वाळवले. पेंढ्याचा दोर वळावा तशा वेण्या वळून बांबूच्या सांगाड्यावर विणल्या. शहाण्णव साली रोह्याचे दामोदरशेठ तिच्या खुर्च्या दुकानात ठेवू लागले.

एक दिवस शेठ म्हणाले, "तुमच्याच गावचं गिऱ्हाईक आहे. हिरामण. मुलीच्या साखरपुड्याला, व्याह्यांसाठी खुर्ची हवी. बनवतं कोण, ते नाही विचारलं त्यांनी."

पुतळीला उकळ्या फुटल्या. "ओलं देठ घाल गो! आषाढात बुरशी धरंल, घाण मारंल."

इंदुबाईने ओले देठ उचलले. क्षणभर फार गोड वाटलं. मग भिरकावून दिले.

"सडली तर फेकून देल मेला. मला ती त्याच्या पडवीत हवी. जन्मभर."

कडकडीत वाळलेले देठ निवडून तिने नखं तुटेस्तोवर आवळून विणली.

साखरपुड्याला व्याही त्या खुर्चीत ऐसपैस बसले. "वा! कशाची हो ही?"

"रोह्याची हाय. भारी दुकानातली," हिरामण फुशारला.

"आमच्या तळ्यातली," दारातून इंदुबाई म्हणाली. "रोप भावोजींनीच आणलं. सांगा ना भावोजी, कशातनं आणलंत?"

पाहुणे बघत राहिले. हिरामण खाली बघत पुटपुटला.

"...बादलीतनं."

"म्हणजे भावजयीच्या धंद्याला दिरानंच हात दिला!" व्याह्यांनी त्याची पाठ थोपटली.

इंदुबाईने नवऱ्या मुलीकडे पाहिलं. पुढचं गिळलं.

"व्हय, दिला की," ती हसली आणि हिरामणच्या कानाशी वाकली. "पाव्हणं गेलं की बसा. तुमी असंस्तोवर मोडायची नाय."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या वाटेने गेली. पडवीत खुर्ची रिकामी होती. शेजारी, जमिनीवर, हिरामण चहा पीत होता.

"काय भावोजी, टोचते?"

रोज विचारायची.