रुमालाखालचा भिकू

भूतखेत, करणी, भानामती... असलं काही सांगणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. बैलबाजारात दलाली करून ज्यानं भोसरीत स्वतःची टर्निंगची शेड टाकली, तो असल्या हवेतल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नसतो. तरीपण हे लिहितोय.

आधी भिकूबद्दल. चाकणच्या बैलबाजारात तो माझा भागीदार. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत; रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, बघणाऱ्याला काही कळत नाही. आमचा शेवटचा भावही आम्ही दोघं आधी असाच ठरवायचो. हात घातला की भिकू दर वेळी कानाशी पुटपुटायचा, "आंगठी काढा आधी, टोचती." आणि स्वतःचा आकडा कधी पहिला सांगायचा नाही — "दादा, तुमीच बोला."

माझी खिलार जोडी विकायला काढली, तेव्हा माझा शेवटचा भाव फक्त त्याच्या बोटांना माहीत होता. त्यानं तो गिऱ्हाइकाला फोडला. जोडी मातीमोल गेली, शेडसाठी चिखलीत बघितलेली जागा हातची गेली, आणि थोड्याच दिवसांत तिथं भिकूचं कुंपण पडलं. चारचौघांत त्याच्याकडून कबूल करून घेणार होतो. त्याआधीच तो तळेगावजवळ ट्रकखाली गेला. मयताला मी गेलो नाही.

पुढची गोष्ट एक्याऐंशीच्या आसपासची. मी ज्या कंपनीला माल द्यायचो, तिथं खंडेनवमीला सगळ्या सप्लायरना बोलवायचे. त्या वर्षी लेथबरोबर नव्या कॉम्प्युटरलाही हार घातला होता. देशपांडे नावाच्या इंजिनियरनं त्यात एक गंमत बसवलेली — आपण काही टाइप केलं की पडद्यावर उत्तर यायचं. सगळं इंग्रजीत. मी सांगायचो, तो टाइप करायचा आणि आलेलं मराठीत सांगायचा.

म्हटलं, विचार, माझा माल परत का पाठवता? उत्तर आलं, तुम्हाला असं का वाटतं? दुसरं विचारलं, परत प्रश्नच. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "दादा, मशीनशी पण घासाघीस?"

माझं डोकं तापलं... कारण ही रीत ओळखीची होती. आपण आकडा बोलायचा नाही, समोरच्याला बोलतं करायचं.

"आता लिही — रुमाल टाक. जसंच्या तसं."

देशपांडेनं इंग्रजी अक्षरांत ते मारलं. पडद्यावर ओळ उमटली. मग तो अडखळत वाचायला लागला, "आंगठी काढा... आधी... टोचती. हे काय आहे? मी यात मराठीचा एक शब्द घातलेला नाही."

मी आंगठी काढून मशीनशेजारी ठेवली. "विचार, भिकू, चिखलीची जागा कशी घेतलीस?"

"दादा, तुमीच बोला."

माझा आकडा फोडला, पण स्वतःचा मेल्यावरही फोडेना. भाव न बोलता रुमालाखालून हात काढून घेणं, याहून मोठा अपमान बाजारात नाही. मी आंगठी उचलली आणि बाहेर पडलो.

देशपांडेनं नंतर सगळं उलटसुलट तपासलं, काही सापडलं नाही. मशीन पुन्हा कधी मराठीत बोललं नाही म्हणे. कंपनीनं ते भंगारात काढलं, तेव्हा मीच उचललं. एकदा चालू करून बघू, असं देशपांडे म्हणाला होता. मी नको म्हटलं.

त्यात कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. मशीन माझ्या शेडच्या कोपऱ्यात आहे, वायर तोडलेली. वर माझा रुमाल टाकून ठेवलाय.

हात मात्र घालणार नाही. बसू दे वाट बघत.