बबीचा उजवा हात

फिटरने कारखान्यात एकेचाळीस वर्षं काढली. आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. यंत्र सुरळीत चाललं की तो गप्प. जरा कुरकुर झाली की पाना घेऊन धावलाच.

निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे एकच काम उरलं, ते म्हणजे मुलगी. बबी अठ्ठावीस वर्षांची. लहानपणापासून बुद्धीची वाढ कमी, बोलणं चार-पाच शब्दांचं. बसल्या जागी ती पुढेमागे डुलायची आणि उजव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून फडफडवायची. एकदा का बोटं सुरू झाली, की पुढ्यातला घासही तसाच राहायचा.

रस्त्याच्या टोकाला अशा मोठ्या माणसांसाठी एक कार्यशाळा होती. तिथे स्क्रूची पाकिटं भरत. तीन महिन्यांनी एक जागा रिकामी होणार होती. अट साधी होती. अर्ध्या तासात दहा पाकिटं, प्रत्येकात चार स्क्रू, आणि शेजारी घरचं कोणी बसणार नाही. फिटर एकाहत्तरचा झाला होता. आपल्या माघारी बबीने दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं, हा विचार त्याला पोखरत होता. जागा मिळवायचीच, असं त्याने ठरवलं.

उपचार केंद्रातल्या बाई घरी आल्या. वयाने बबीएवढ्याच. त्यांनी पहिला आठवडा नुसतं मोजायला सांगितलं. बोटं किती वेळा वर जातात, आधी काय घडतं, नंतर काय घडतं.

“आणि डुलणं?” फिटरने विचारलं.

“डुलू दे की, काका. त्याने तिला इजा नाही, कामाला अडथळा नाही. तिला बरं वाटतं.”

“म्हणजे अर्धीच दुरुस्ती?”

“ती काय यंत्र आहे? आपल्याला तिचा हात कामापुरता मोकळा हवा, बस्स.”

फिटरने फळीत चार खळगे कोरले. खळग्यात एकेक स्क्रू ठेवायचा, चारही भरले की पाकिटात ओतायचे. दहा मिनिटं काम, मग पाच मिनिटं सुट्टी. सुट्टीत बोटं हवी तेवढी फडफडवावीत. कामात ती वर गेली तर ओरडायचं नाही, हात दाबून धरायचा नाही. न बोलता पुढचा स्क्रू तिच्यासमोर सरकवायचा. काम जमलं की लगेच शाबासकी.

तीन आठवडे फिटरने एक दिवस चुकवला नाही. कामात बोटं वर जाण्याचा आकडा मात्र चढत गेला. दिवसाला ऐंशीवरून एकशे चाळीस.

“अहो, शिकवताय की सराव करून घेताय?” बायको म्हणाली.

बाईंनी येऊन कोपऱ्यात बसून पाहिलं. बबीने दोन पाकिटं भरली, फिटर पुतळ्यासारखा बसून होता. बोटं वर गेली आणि तो ताडकन पुढे वाकला. “हं, बबी! काय ठरलंय आपलं? बघ इकडे!” बबी त्याच्याकडे बघून तोंडभर हसली.

“काका, यंत्र नीट चालत असलं की तुम्ही काय करायचा?”

“काय करणार? गप्प बसायचो.”

“आणि आवाज आला की?”

“धावायचो.”

बाईंनी मोजणीची वही त्याच्यापुढे सरकवली. फिटरने वहीतल्या रेघांवरून बोट फिरवलं. “म्हणजे बाबा हवा असला की बोटं वर करायची,” तो हळूच म्हणाला. “मीच शिकवलं की तिला!”

आता उलटं करायचं होतं. बोटांशी मुकं राहायचं आणि कामाशी बोलायचं. पहिलं जड गेलं, दुसरं त्याहून जड. शाबासकी त्याच्या जिभेला माहीतच नव्हती. पहिल्या दिवशी “बरं आहे” यापलीकडे गाडी जाईना.

“बरं आहे काय? भाजी आहे का ती?” बायको म्हणाली. “माझ्या वाट्याला इतक्या वर्षांत तेवढंही आलं नाही म्हणा.”

फिटरने जीभ वळवली. आधी प्रत्येक स्क्रूला, मग पाकिटाला, मग दर तीन पाकिटांना. “वा, बबी! नंबर एक!” आकडा एकशे दहावर आला, मग साठ, मग चोवीस. परीक्षेच्या आठवड्यात नऊ.

कार्यशाळेत परीक्षेला फिटरला दाराशी उभं केलं. फळी टेबलावर ठेवायला परवानगी मिळाली. बबी डुलत डुलत खळगे भरू लागली. चौथ्या पाकिटाला पलीकडे कोणाचा तरी पत्र्याचा डबा पडला. बबी दचकली आणि बोटं डोळ्यांसमोर गेली.

कार्यशाळेच्या प्रमुख बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. फिटरच्या तोंडाशी “हं” आला होता. त्याने दाताखाली ओठ धरला आणि नजर जमिनीवर ठेवली. बबीने दाराकडे पाहिलं. तिथून काहीच आलं नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. मग स्क्रू खळग्यात पडल्याचा टक् असा आवाज झाला. कोणी काही सरकवलं नव्हतं. हात तिचा तिनेच खाली आणला होता.

सव्विसाव्या मिनिटाला दहावं पाकीट बंद झालं. प्रमुख बाई हात पुढे करून “झालं, झालं” म्हणत होत्या आणि बबी अकरावं भरत होती.

“सोमवारपासून सकाळी नऊला पाठवा,” प्रमुख बाई म्हणाल्या. “आज हवं तर दुपारपर्यंत बसू दे तिला. काका, तुम्ही निघा आता. आमच्याकडे पालक थांबत नाहीत.”

“निघू?”

“निघा.”

“जा,” बबीनेही सांगितलं, मान वर न करता.

फिटर भर सकाळी एकटा रस्त्यावर आला, आणि ताठ मानेने घरी बातमी सांगायला निघाला.