'मेलो गं', पण कुणाला?

आधीच सांगते, भूत, संकेत, आत्म्याची हाक यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचते, पण शुद्धलेखनासाठी. केंद्र सरकारात आयुष्यभर भाषांतर केलं, सवय जात नाही. भूत दिसलं की माणसाची वेलांटी आधी ढळते असं माझं निरीक्षण आहे. आज माझी ढळली तर सांभाळून घ्या.

आमचं घर गाझियाबादला. माझे यजमान श्रीधर दोन वर्षांपूर्वी गेले... हार्ट. मी त्यांना 'अहो' म्हणायचे यात नवल नाही, पण तेही मला 'अहो' म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा मी नोकरीत त्यांच्याहून एक पायरी वर होते. 'वरिष्ठांना एकेरी कसं बोलणार?' असं ते गमतीने म्हणाले आणि ती गंमत तशीच राहिली. हळूहळू त्यातली गंमत गेली, 'अहो' उरलं.

'गं' होतं ते मीनलसाठी. मीनल आणि श्रीधर विद्यार्थी असताना दिल्लीत, मुनिरकात एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली भाड्याने राहायचे, एकत्र नाटकं करायचे. पुढे ती सिनेमावाली झाली, हे सेक्शन ऑफिसर झाले. मैत्री टिकली. तसलं काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तसलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मला हेवा वाटायचा तो त्यांच्या हसण्याचा. श्रीधर मनापासून हसले की आधी श्वास अडकायचा, मग कुकरच्या शिट्टीआधी होते तशी फुसफुस, मग मांडीवर एक थाप, आणि 'मेलो... मेलो गं!' हे मी पाहिलं ते फक्त मीनल घरी आल्यावर. माझ्या बोलण्यावर ते चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, 'खरंय तुमचं.' मी बरी विनोदी आहे असं ऑफिसात सगळे म्हणत. घरी मात्र 'खरंय तुमचं'.

गेल्या डिसेंबरात दिल्लीत मीनलच्या सिनेमाचा प्रीमियर होता. नाव 'सांता छुट्टी पर है'. गोष्ट अशी, की ख्रिसमसच्या आदल्या दिवशी गाझियाबादच्या एका मॉलमधला भाड्याचा सांता खुर्चीतच मरतो, आणि सेल संपेपर्यंत मॅनेजर ही गोष्ट लपवतो. मुलं मांडीवर बसून फोटो काढत राहतात. शिव्या अस्सल दिल्लीच्या, सर्टिफिकेट 'ए'. दारातल्या मुलीने माझ्याकडेही आधार कार्ड मागितलं. साठी उलटल्यावर कुणी वयाचा पुरावा मागितला की बरं वाटतं.

आत कापसाचा बर्फ, लाल गालिचा, आणि ख्रिसमस ट्रीशेजारी समई. 'ए' सर्टिफिकेटच्या सिनेमाचं दीपप्रज्वलन मी प्रथमच पाहिलं. वात काही पेटेना. शेवटी सांताचे कपडे घातलेल्या माणसाने खिशातून लायटर काढून दिला. मग प्रमुख पाहुण्यांनी 'भारतीय संस्कृति में करुणा' या विषयावर भाषण केलं. त्यांना सिनेमाचं नाव दोनदा सांगावं लागलं.

माझी जागा पुढच्या रांगेत होती. मीनलची त्याच रांगेत, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. तिच्यावर गुलाबाचं फूल आणि चिठ्ठी: 'श्री'.

'वहिनी, त्याच्याशिवाय सुरू कसं करणार?' मीनल म्हणाली. डोळे भरलेले होते.

म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी तिने जागा राखली होती, आणि मला ते तिथे पोचल्यावर कळलं. मी पर्स मांडीवर घेतली. एरवी शेजारच्या खुर्चीत ठेवते.

सिनेमा चांगला होता. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये, पण होता. मध्यावर मीनल टेन्शनमुळे उठून बाहेर गेली. तिची खुर्ची रिकामी झाली, मधली होतीच. पडद्यावर मेलेल्या सांताची बायको टिफिन घेऊन येते. तो मेलाय हे तिला माहीत नाही. लाल टोपीखाली मान खाली घातलेल्या त्या प्रेताशी ती भांडभांड भांडते, भाजी का राहिली, फोन का उचलत नाही... आणि शेवटी डब्याचं झाकण लावत म्हणते, 'चुप हो, तो मंज़ूर समझूँ? ठीक है. फ़ाइल बंद.'

हॉल गार. विधवेच्या शेजारी बसून या वाक्याला हसायचं की नाही, हे आजूबाजूच्यांना ठरवता येत नसावं.

आणि मधल्या खुर्चीतून श्वास अडकल्याचा आवाज आला. मग फुसफुस. मग थाप. मग, 'मेलो... मेलो गं.'

मी वळून पाहिलं. गुलाब होता, चिठ्ठी होती. मागच्या रांगेत दोन परदेशी पाहुणे सबटायटल्स वाचत होते.

भीती वाटली का? नाही. खरं सांगायचं तर आधी संताप आला. म्हटलं, हे बघा, माणूस मेल्यावरसुद्धा दुसऱ्या बाईच्या विनोदाला हसायला आला. तोही गाझियाबादहून इथवर. मला साधं भाजी आणायला चारदा सांगावं लागायचं.

सिनेमा संपल्यावर हातात गरम वाइनचे कागदी ग्लास घेऊन लोक एकमेकांना 'ब्रेव्ह' म्हणत होते. मीनलने मला कोपऱ्यात ओढलं.

'वहिनी, खरं सांगा यार. तो टिफिनचा सीन. मी बाहेर होते. कुणी हसलं?'

'शांतता होती,' मी म्हटलं. हॉलपुरतं ते खरंच होतं.

तिचा चेहरा उतरला. 'दिल्लीवालों को समझ नहीं आएगा. ती लाईन श्रीची आहे. म्हणजे तुमचीच.'

'माझी?'

'तुम्ही एकदा भांडताना त्याला म्हणाला होतात ना, गप्प बसलात म्हणजे मंजूर समजते, फाइल बंद? दुसऱ्या दिवशी मंडी हाऊसला चहा पिताना त्याने मला सांगितलं आणि इतका हसला, इतका हसला... चहा माझ्या साडीवर. वहिनी, तुमच्या सगळ्या लाईन्स त्याला पाठ होत्या. आम्ही हसून हसून वेडे व्हायचो.'

मी ग्लास खाली ठेवला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझे विनोद डब्यात भरून न्यायचा आणि तिच्यासोबत बसून खायचा. घरी मला रिकामा डबा. 'खरंय तुमचं.'

'तुम्हाला माहीत होतं ना?' मीनलने विचारलं.

'बिल्कुल,' मी म्हटलं.

पुढचे काही दिवस मी स्वतःला समजावलं. कान वाजले असतील. रिकामी खुर्ची, गुलाब, असला देखावा मांडला की कुणाच्याही मनाचे खेळ होतील. खात्री करायला मी जानेवारीत पुन्हा तो सिनेमा बघायला गेले, आमच्या इथल्याच मॉलमध्ये, दुपारच्या शोला. हॉल जवळजवळ रिकामा. पुढच्या रांगेत एक तरुण मुलगी पॉपकॉर्न घेऊन, माझ्या रांगेत मी एकटी. याही वेळी पर्स शेजारच्या खुर्चीत ठेवली नाही. का, ते विचारू नका.

टिफिनचा सीन आला. 'फ़ाइल बंद.' काही नाही. कुठेच काही नाही. पडद्यावरची बाई डबा उचलून निघून गेली.

म्हटलं, बरोबर आहे. इथे मीनल नाही, हे कशाला येतील?

मग शेवट आला. दिवसभर जागचा न हलल्याबद्दल मॉलचा मालक त्या प्रेताला 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' म्हणून हार घालतो, तो प्रसंग. मी सवयीने, मान न वळवता, शेजारी पुटपुटले, 'अहो, तुमच्या सेक्शनमध्ये हा बढतीपर्यंत पोचला असता.'

आधी श्वास अडकला. मग फुसफुस, बरीच लांबलेली. मग थाप. या वेळी खुर्ची हलल्याचं मला कळलं, कारण हाताखालचा दांडा हलला.

'मेलो... मेलो हो.'

'हो' म्हणाले. हे मी कोर्टातही सांगेन.

पुढची मुलगी मागे वळली. 'अंकल, प्लीज़,' ती माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत म्हणाली. मग थबकली. 'आंटी, अंकल कहाँ गए? अभी तो...'

'वो ऐसे ही करते हैं,' मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिने पॉपकॉर्न उचललं आणि चार रांगा पुढे जाऊन बसली.

मी लाइट लागेपर्यंत बसून राहिले. पडद्यावर नावं सरकत होती. 'श्रीच्या आठवणीत' असं शेवटी आलं, त्याचासुद्धा मला त्या दिवशी फारसा राग आला नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माझे कान वाजले म्हणावं तर त्या मुलीच्या कानांचं काय, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर कळवा, पण कृपया शुद्ध लिहा.

मीनलचा मधूनमधून फोन येतो. परवा म्हणाली, 'वहिनी, मला सारखं वाटतं, त्या दिवशी श्री कुठेतरी हसला असेल.' मी म्हटलं, 'काय सांगावं.' कुरिअरवाला शेजारणीचं पार्सल आपल्याकडे ठेवून जातो ना, तसं ते पहिलं 'मेलो गं' माझ्याकडे पडून आहे. द्यायला हवं, हे कळतं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तेव्हा ती बाहेर होती. तिची खुर्ची रिकामी होती, वाक्य माझं होतं, आणि शेजारी मी एकटी होते. हे त्यांनी मान वळवून पाहिलं होतं की नव्हतं? पाहिलं नसेल तर पार्सल तिचं. पाहिलं असेल, तर संसारात एकदा तरी ते मला 'गं' म्हणाले.

हे कळेपर्यंत मी पार्सल देणार नाही.