आडोशाला न थांबणारा माणूस

दूध गॅसवर चढत होतं, आमचे हे एक मोजा हातात घेऊन दुसऱ्याच्या नावानं घर डोक्यावर घेत होते, आणि दारावर थाप पडली. बेल असताना तळहातानं दार बडवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच.

"सायरनकाका," हे म्हणाले. "कोण गेलं बघ."

कोणी गेलं नव्हतं. समोरच्या घरातले काका मोबाईल छातीशी धरून उभे होते. पायात बूट. जन्मभर त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स चालवली. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी उठल्या उठल्या बूट चढवतात. काकू म्हणतात, झोपताना काढतात हेच नशीब.

"वहिनी, तुम्ही दुपारी गोळ्या झाडता ना?"

यांचा मोजा हातातच राहिला. दुपारची कामं उरकली की मी नणंदेबरोबर मोबाईलवर तो लढाईचा खेळ खेळते. ती तिच्या घरी, मी माझ्या. रंगात आले की "मागे बघ, मागे!" म्हणून ओरडते, पण ते भिंतीपलीकडे जात असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मला शिकवा," काका म्हणाले. "रविवारच्या आत."

तेवढ्यात दूध उतू गेलं.

ओटा पुसता पुसता सगळं कळलं. काकांची लेक दूर नोकरीला. निवृत्त झाल्यापासून काका तिला ऊठसूट फोन करत. जेवलीस का, निघालीस का, पोचलीस का. शेवटी तीच वैतागली: "बाबा, मी मीटिंगमध्ये असते! रविवारी सकाळी मी खेळत असते, तेव्हा या हवं तर खेळायला. खेळता खेळता बोलू." चौघांचा संघ, त्यातला एक गळला होता. काका लगेच हजर. आणि प्रत्येक खेळात सगळ्यांच्या आधी मरून मोकळे.

"काल म्हणाली, या रविवारीही असंच झालं तर ऑफिसातल्या मैत्रिणीला घेते. संघातल्या बाकीच्या दोघी कुरकुरतात म्हणे." काका दारातून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. "माझा रविवारच गेला मग."

दुपारी ते काकूंसकट आले. मी म्हटलं, आधी खेळून दाखवा. खेळात माणूस विमानातून छत्री घेऊन बेटावर उतरतो, घरांत शिरून हत्यारं गोळा करतो, आणि शेवटपर्यंत जिवंत राहिला तर जिंकतो. काका उतरले, एक जीप दिसली, तीत बसले आणि हॉर्न वाजवत सुटले.

"काका, हॉर्न कशाला?"

"लोक बाजूला नकोत व्हायला?"

लोक बाजूला झाले नाहीत. सगळे त्या आवाजाच्या दिशेनं आले, आणि काकांचा खेळ खल्लास.

"यांना खुर्चीत बसून मरताही येत नाही," काकू म्हणाल्या. खरंच, काका उभ्यानंच खेळत होते, खोलीभर फिरत.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. गर्दीच्या ठिकाणी उतरायचं नाही. मोकळ्या मैदानातून सरळ रेषेत पळायचं नाही. झाड, भिंत, दगड, जे मिळेल त्याचा आडोसा धरत जायचं. गोळ्या भरायच्या त्याही आडोशाला. दार उघडायच्या आधी पावलांचा आवाज ऐकायचा. दिसला की झाड गोळी, असं नाही. आपली गोळी वाजली की आपला पत्ता सगळ्यांना लागतो.

काका हुशार. दोन दिवसांत हॉर्न सुटला. पण एक खोड काही केल्या जाईना. सोबतचा कोणी गोळी लागून पडला की काका हातातलं टाकून त्याच्याकडे धावायचे. खेळात पडलेला लगेच मरत नाही. जवळ बसून थोडा वेळ उपचार केले की उठतो. मात्र पाडणारा नेम धरून वाट बघत असतो, आता कोण येतंय उचलायला.

"आधी धुराचा गोळा टाका," मी शंभरदा सांगितलं. "मधे धूर झाला की मग जा. गोळा नसेल तर जायचंच नाही."

"आणि तो?"

"तो गेला असं समजायचं."

काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच त्या माणसाला पाडलं होतं. "वहिनी, आडवा माणूस दिसला की माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जातो. विचार नंतर येतो."

"तो पाय जरा बांधून ठेवा रविवारपर्यंत," काकू म्हणाल्या.

रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. फिरताना वायर पायात येते म्हणून काकांनी हेडफोन काढून टाकला होता, त्यामुळे लेकीचा आवाज खोलीभर घुमत होता. "बाबा, डावीकडे. बाबा, वाका. बाबा, जेवले का विचारू नका, समोर माणूस आहे!"

काका उत्तम खेळले. आडोसा धरून, गुपचूप. एकदा मात्र शेजारच्या घरात नुसती खिडकी फुटली आणि घाबरून त्यांनी जवळचे सगळे धुराचे गोळे उधळले. मी कपाळाला हात लावला.

बाकीच्या दोघी आधीच बाद झाल्या. खेळायची जागा आकसत गेली, तसे उरलेले सगळे जवळ जवळ आले. काका एका दगडी कुंपणामागे होते, लेक समोरच्या झाडाकडे निघाली होती. गोळी वाजली आणि लेक मधल्या मोकळ्या जागेत पडली.

काकांचा अंगठा हलला.

"बाबा, नाही! माझ्यावर नेम आहे त्याचा. तिथंच थांबा. तुम्ही जितका वेळ जगाल तितके गुण आपल्याला."

काका थांबले. त्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना जागच्या जागी उभं पाहिलं. फक्त उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, सुटत होता, परत दाबला जात होता. पडद्यावर लेकीचं चित्र गुडघ्यांवर रांगत होतं, त्याच्या डोक्यावरची लाल पट्टी कमी कमी होत होती. पट्टी संपली.

काका पुढेही बराच वेळ टिकले. शेवटी कोणीतरी मागून टिपलं, तेव्हा पलीकडे तिघीही आरडाओरडा करत होत्या.

"बाबा, भारी! एवढे वर आपण कधीच गेलो नव्हतो. या दोघी म्हणतायत, तुमची जागा पक्की. पुढच्या रविवारी वेळेवर या."

"बघा, जमलं की नाही?" मी म्हटलं.

काका हसले नाहीत. कपाळ पुसून ते परत फेऱ्या मारायला लागले. काकू बघत राहिल्या.

"काय झालं हो? मिळाली ना जागा?"

"तू अशी पडलेली, आणि मी भिंतीआड उभा," काका फोनकडे बघत म्हणाले. "मला नाही बघवलं."

"बाबा, खेळ आहे तो."

"माहीत आहे." ते खिडकीपाशी थांबले. "एक ऐकशील?"

"बोला ना."

"पुढच्या वेळी तू पडलीस तर मला थांबवू नकोस. येऊ दे मला तुझ्यापर्यंत."