डॉक्टर कुणाचा?

अ‍ॅट्रॅक्टाला मॅलकी टब्रिडी पहिल्यांदा भेटला तो आयर्लंडमधल्या किलरश गावच्या बसथांब्यावर. तिने फक्त "किती वाजले?" एवढंच विचारलं. त्याने मनगटावरच्या घड्याळाच्या मूळ मालकापासून, म्हणजे आजोबांच्या सासऱ्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात तीन बसगाड्या निघून गेल्या, पलीकडच्या शेतात बटाटे लावून काढूनही झाले, आणि गोष्ट घड्याळाच्या चावीपाशी पोचली तेव्हा दोघांचं लग्न ठरलं होतं. किती वाजले होते, ते तिला अजून कळलेलं नाही.

पुढची पंधरा वर्षं मॅलकी फिरत्या नाटक कंपनीत होता आणि अ‍ॅट्रॅक्टा त्याच्यामागे गावोगाव ट्रंकेवर बसून चहा पीत होती. मग एकदाची डब्लिनच्या मोठ्या नाट्यगृहात त्याला नोकराची भूमिका मिळाली. वाक्य एकच: "बाईसाहेब, डॉक्टर आलेत."

दिग्दर्शकाने बजावलं, "पहिल्या प्रयोगात एवढंच बोललास, तर कायमची नोकरी. वर एक शब्द बोललास, तर चालू लाग!"

कायमची नोकरी म्हणजे कायमचं घर. अ‍ॅट्रॅक्टाने पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं.

"पण कुठले डॉक्टर?" अ‍ॅट्रॅक्टासमोर तालीम करताना मॅलकी अडायचा.

"कुठले का असेनात!"

"अगं, ज्याच्या आईचं माहेर माहीत नाही, अशा माणसाला घरात कसं घ्यायचं?"

"त्याच्या हातात बॅग आहे, मेल्या! तेवढं पुरे."

पहिल्या प्रयोगाला अ‍ॅट्रॅक्टाच्या शेजारी तिची आई होती, खास किलरशहून आलेली. मॅलकी आला, वाकला, म्हणाला, "बाईसाहेब, डॉक्टर आलेत." आणि गप्प बसला! अ‍ॅट्रॅक्टाने श्वास सोडला.

"कुणाचा रे हा डॉक्टर, मॅलकी?" आईने बसल्या जागेवरून खणखणीत विचारलं.

मॅलकीने दाराकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. घाम पुसला.

"कॉन्सिडाइनांचा, आई. ज्यांच्या घोडीने पाद्रीबाबांना खाडीत पाडलं, त्यांचा!"

आईचं तोंड दाबायला निघालेला अ‍ॅट्रॅक्टाचा हात अर्ध्यातच थांबला. ही घोडीची गोष्ट तिनेही ऐकली नव्हती.

वीस मिनिटं नाट्यगृह हसून हसून लोळत होतं. डॉक्टर बॅग घेऊन दारात ताटकळले. नाटकात शेवटच्या घटका मोजणारे घरमालक पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "मग घोडीचं काय झालं?"

नाटक पुढे सव्वीस आठवडे चाललं. मॅलकीच्या जागी दारावरची घंटा ठेवली होती.